पेअर प्रॉडक्शन: ऊर्जा जुळली, तरंगलांबी जुळली, पण संवेग कुठे गेला?

अपूर्णांक

बी.एस्सी.ला आहे, दुसरं वर्ष. गणित सुटलंय तरी अडकलोय, म्हणून इथे विचारतो.

गणित असं: शिशाच्या अणुकेंद्रकाजवळ एका फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते. दोन्ही कणांची गतिज ऊर्जा प्रत्येकी ०.७५ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ईव्ही). फोटॉनची ऊर्जा आणि तरंगलांबी काढा.

मी केलं ते: प्रत्येक कणाची रेस्ट एनर्जी (कण स्थिर असतानाची ऊर्जा) ०.५११ एमईव्ही, दोघांची १.०२२. गतिज ऊर्जा दोघांची मिळून १.५. एकूण २.५२२ एमईव्ही, ज्यूलमध्ये ४.०४ × १०^-१३. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग भागिले ही ऊर्जा, की तरंगलांबी येते ४.९२ × १०^-१३ मीटर. पुस्तकामागचं उत्तर हेच आहे.

मग सहज म्हणून संवेग तपासायला गेलो आणि तिथे घोळ झाला. फोटॉनचा संवेग म्हणजे ऊर्जा भागिले सी (प्रकाशाचा वेग), तेव्हा २.५२२ एमईव्ही/सी. इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा १.२६१. तिच्या वर्गातून ०.५११ चा वर्ग वजा केला आणि वर्गमूळ काढलं, तर एका कणाचा संवेग १.१५३ येतो. दोन्ही कण अगदी नाकासमोर, फोटॉनच्याच दिशेने गेले असं धरलं तरी बेरीज २.३०६. म्हणजे ०.२१६ एमईव्ही/सी गायब!

पुस्तक म्हणतं, उरलेला संवेग केंद्रक घेतं. बरं. पण संवेग घेतला म्हणजे केंद्रक हललं, हललं म्हणजे त्याला गतिज ऊर्जा मिळाली. मग ऊर्जेच्या बेरजेत ती का धरली नाही? आणि 'किमान ऊर्जा १.०२२ एमईव्ही' म्हणतात तेव्हा तर जोडी जागेवरच स्थिर तयार होते, म्हणजे संवेग शून्य. फोटॉनचा १.०२२ एमईव्ही/सी सगळाच्या सगळा गायब. मग तो आकडा बरोबर कसा?

जाता जाता आणखी एक. वर्गातला मित्र म्हणतो, इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी (प्लांकचा स्थिरांक भागिले कणाचा संवेग) काढ आणि दुप्पट कर, फोटॉनची मिळेल. मला ती १.०७५ पिकोमीटर (१०^-१२ मीटर) आली. दुप्पट केली काय आणि निम्मी केली काय, ०.४९२ होत नाही.

झटपट

उत्तर बरोबर आहे. ज्यूलमध्ये जायची गरजच नाही. १.२४ (म्हणजे याच एककांत प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग) ला एमईव्हीमधल्या ऊर्जेने भागायचं, तरंगलांबी थेट पिकोमीटरमध्ये मिळते. १.२४ ÷ २.५२२ = ०.४९२. संपलं.

केंद्रक जड असतं, त्याची ऊर्जा नगण्य धरतात. परीक्षेत यावर कोणी विचारत नाही. मित्राचं सोडून दे.

शिशाची वीट

१.२४ ची युक्ती पाठच करून टाक अपूर्णांक, त्याबद्दल झटपटशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'नगण्य धरतात' या दोन शब्दांशी. कोण धरतं, किती नगण्य, आणि संवेग नगण्य नसताना ऊर्जाच का? या मुलाने नेमकं तेच विचारलंय आणि त्याला उत्तर मिळालं 'परीक्षेत येत नाही'. मी गॅमा स्पेक्ट्रम मोजण्याचं काम करते. दिवसभर या १.०२२ शीच गाठ असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझे ०.२१६ एमईव्ही/सी केंद्रकानेच घेतले. ते घेऊन त्याला किती ऊर्जा मिळाली हे अंदाजाने सांगायचं नाही, काढायचं. शिसे-२०८ च्या केंद्रकाची रेस्ट एनर्जी सुमारे १,९३,७०० एमईव्ही आहे. इतकी जड वस्तू इतक्या कमी संवेगाने सरकते तेव्हा जुनं शाळेतलं सूत्र चालतं: संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट. ०.२१६ चा वर्ग ०.०४६८. भागिले ३,८७,४००. येतं १.२ × १०^-७ एमईव्ही. म्हणजे ०.१२ ईव्ही.

एमईव्ही नाही हं, साधे ईव्ही. तुझी बेरीज २५,२२,००० ईव्हीची, तिच्यात ०.१२ मिळवायचे. लिहून बघ.

केंद्रकाचा वेग काढलास तर सेकंदाला ३३५ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास हवेतल्या आवाजाइतका. शेजारी इलेक्ट्रॉन मात्र प्रकाशाच्या ९१ टक्के वेगाने निघालेला असतो. घन शिशात तर तो अणू आपली जागासुद्धा सोडत नाही, ०.१२ ईव्हीत ते होणे नाही. धक्का आजूबाजूच्या अणूंमध्ये विरून जातो.

आता 'संवेग घेतो पण ऊर्जा घेत नाही' हे का जमतं ते बघ. ठरावीक संवेग कोणाला दिला तर त्याची गतिज ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. वस्तुमान खालच्या बाजूला आहे, एवढंच. म्हणून जड कण संवेगाचा हिशेब चुकता करतो आणि ऊर्जेच्या हिशेबात त्याचं नावही दिसत नाही. संवेगाच्या वहीत केंद्रकाशिवाय पान पुरं होत नाही, ऊर्जेच्या वहीत त्याची नोंद पैशाच्याही खाली जाते. पुस्तक दोन्ही वह्या एकदम दाखवत नाही, म्हणून तुला घोळ वाटला.

तू दोन्ही कण सरळ पुढे गेले असं धरलंस, म्हणजे केंद्रकाच्या वाट्याचा कमीत कमी संवेग काढलास. कण कोन करून निघाले तर वाटा वाढतो. किती वाढेल? उलट टोक घेऊ: दोन्ही कण फोटॉनच्या उलट दिशेने, मागे फेकले गेले. असं होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, पण मर्यादा कळते. केंद्रकाला २.५२२ अधिक २.३०६, म्हणजे ४.८२८ एमईव्ही/सी घ्यावे लागतील. तरी त्याची ऊर्जा ६० ईव्ही. तुझ्या तरंगलांबीत फरक पडलाच तर पाचव्या दशांश स्थळी. पुस्तकाचं उत्तर तिसऱ्या स्थळी थांबतं.

मित्राच्या डी ब्रॉग्लीबद्दल. तरंगलांब्यांची बेरीज-वजाबाकी करायची नसते, संवेग तरंगलांबीच्या व्यस्त असतो, म्हणून बेरीज व्यस्तांची करायची. १ ÷ ०.४९१६ = २.०३४. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनचे प्रत्येकी १ ÷ १.०७५५ = ०.९३०, दोघांचे १.८६०. फरक ०.१७४. याचा व्यस्त घेतलास तर ५.७ पिकोमीटर, आणि ही त्या केंद्रकाची डी ब्रॉग्ली तरंगलांबी. म्हणजे मित्राचा रस्ता मुळातून वाईट नव्हता, पण तिसरा भिडू विसरला.

१.०२२ चं उद्या लिहिते. ते जास्त मजेदार आहे.

अपूर्णांक

सर, ०.१२ ईव्ही बघून हसूच आलं. मी केंद्रकाला उगाच एवढा भाव देत होतो. पण मग असा प्रश्न पडला की केंद्रक नसेलच तर? फोटॉन निर्वात पोकळीत एकटा आहे, ऊर्जा भरपूर, समजा १०० एमईव्ही. तेव्हा तरी कण प्रकाशाच्या वेगाच्या इतके जवळ असतील की संवेग आपोआप जुळेल ना?

शिशाची वीट

सर नाही, ताई चालेल.

नाही जुळणार. आणि हे सिद्ध करायला एक ओळ पुरते. वस्तुमान असलेल्या कोणत्याही कणाचा संवेग (गुणिले सी) त्याच्या एकूण ऊर्जेपेक्षा कमी असतो, कारण ऊर्जेच्या वर्गातून रेस्ट एनर्जीचा वर्ग वजा होतो. फोटॉनचा मात्र बरोब्बर ऊर्जेइतका असतो. दोन कणांच्या ऊर्जांची बेरीज फोटॉनइतकी केलीस की त्यांच्या संवेगांची बेरीज त्याहून कमी पडणारच. किती कमी ते बदलेल, शून्य कधीच होणार नाही.

तुझे १०० एमईव्ही घे. प्रत्येकाला ५०. संवेग ४९.९९७४. दोघांत मिळून तूट फक्त ०.००५२ एमईव्ही/सी. किती क्षुल्लक! तरी निर्वातात ती भरून द्यायला कोणी नाही, म्हणून फोटॉन तसाच पुढे जातो. दूरच्या आकाशगंगांतून निघालेले गॅमा फोटॉन आपल्यापर्यंत पोचतात ते यामुळेच. एकट्या फोटॉनला वाटेल तेव्हा जोडीत मोडता आलं असतं तर ते वाटेतच संपले असते.

आता कालचं १.०२२. तुझी शंका योग्य आहे, तो आकडा काटेकोर अर्थाने किमान नाही. खरी किमान ऊर्जा त्याहून थोडी जास्त. किती ते काढू. केंद्रकाच्या रेस्ट एनर्जीला म म्हणू, इलेक्ट्रॉनच्या रेस्ट एनर्जीला इ, फोटॉनच्या ऊर्जेला फ. अगदी किमान ऊर्जेला तिन्ही कण एकाच वेगाने, जणू एकमेकांना चिकटून पुढे सरकतात, कारण आपापसात फुकट हालचाल करायला ऊर्जा शिल्लक नसते. म्हणजे सगळं मिळून एकच कण, रेस्ट एनर्जी म + २इ. एकूण ऊर्जेचा वर्ग वजा संवेगाचा वर्ग आधी आणि नंतर सारखा राहतो:

(फ + म)² − फ² = (म + २इ)²

म² + २फम = म² + ४मइ + ४इ²

फ = २इ × (१ + इ/म)

पुढचा २इ म्हणजे आपला १.०२२. कंसातल्या इ/म मुळे त्यावर चढतात ते २इ × इ/म, हे केंद्रकाचं 'भाडं'. शिशासाठी ते २.७ ईव्ही. केंद्रक सेकंदाला दीडेक किलोमीटर वेगाने सरकतं आणि जोडीही त्याच्याबरोबर तेवढ्याच वेगाने. तेव्हा 'जोडी स्थिर तयार होते' हे पुस्तकातलं वाक्यही काटेकोर नाही, पण इलेक्ट्रॉनच्या जगात सेकंदाला दीड किलोमीटर म्हणजे उभं राहणंच. फोटॉनचा १.०२२ एमईव्ही/सी संवेग जवळपास सगळा केंद्रकाकडे.

शिशाऐवजी हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे एकटा प्रोटॉन घेतलास तर भाडं ५५७ ईव्ही होतं. अजूनही १.०२२ चा तिसरा दशांश एकाने हलेल इतकंच, म्हणजे १.०२३ म्हणावं लागेल.

तरंगलांबीच्या बाजूने सांगायचं तर १.२४ ÷ १.०२२ म्हणजे १.२१३ पिकोमीटर. यापेक्षा लांब तरंगलांबीच्या फोटॉनला जोडी करता येत नाही. हा आकडा इलेक्ट्रॉनच्या कॉम्प्टन तरंगलांबीच्या, २.४२६ पिकोमीटरच्या, बरोबर निम्मा आहे. आणि जोडीतला पॉझिट्रॉन पुढे कुठेतरी थांबून एखाद्या इलेक्ट्रॉनबरोबर नष्ट होतो तेव्हा जे दोन ५११ केईव्हीचे (म्हणजे ०.५११ एमईव्हीचे) फोटॉन निघतात त्यांची तरंगलांबी तीच, २.४२६.

रातपाळी

निर्वातात एकटा फोटॉन जोडी करत नाही हे खरं, पण दुसरा फोटॉन भेटला तर करू शकतो, तेवढं जोडतो. १९३४ मध्ये ब्राइट आणि व्हीलर यांनी हा हिशेब मांडला. समोरासमोर धडक असेल तर अट सोपी आहे: दोन फोटॉनच्या ऊर्जांचा गुणाकार ०.५११ एमईव्हीच्या वर्गाइतका किंवा जास्त हवा.

आकाशातून येणारे गॅमा बघण्याच्या आमच्या कामाशी याचा थेट संबंध येतो. दूरच्या ब्लेझारमधून (जिच्या केंद्रातला झोत आपल्याकडे रोखलेला आहे अशा आकाशगंगेतून) १ टीईव्हीचा, म्हणजे दहा लाख एमईव्हीचा, गॅमा निघाला असेल तर त्याला ०.२६ ईव्हीचा फोटॉन पुरतो, तरंगलांबी ४.७५ मायक्रोमीटर, म्हणजे अवरक्त. आणि आकाशगंगांच्या मधल्या जागेत ताऱ्यांचा आणि धुळीचा असा अवरक्त प्रकाश सगळीकडे पसरलेला आहे. त्यामुळे वरच्या ऊर्जेचे फोटॉन वाटेत गळतात, आणि स्रोत जितका लांब तितका स्पेक्ट्रमचा वरचा भाग कापलेला दिसतो. तेव्हा वीटताईंच्या वाक्याला एवढी पुस्ती: ते पोचतात खरे, पण सगळेच नाही.

शिशाची वीट

पुस्ती मान्य. मी एकट्या फोटॉनचं बोलत होते, वाटेत गर्दी असते हे रातपाळीवाल्यांनाच जास्त माहीत.

अपूर्णांक

ताई, समीकरण वहीत उतरवून पुन्हा केलं, आलं. दोन शंका आहेत. एक, 'केंद्रकाजवळ' म्हणजे किती जवळ? फोटॉन केंद्रकाला आपटतो का? दुसरं, तुम्ही १.०२२ शी रोज गाठ पडते म्हणालात, ती कशी? जोडी तर डोळ्यांना दिसत नाही.

शिशाची वीट

दुसऱ्यापासून सुरू करते, ते माझ्या टेबलावरचं आहे.

आमच्याकडे जर्मेनियमचा डिटेक्टर असतो. गॅमा फोटॉनने जर्मेनियममध्ये जितकी ऊर्जा सोडली तितक्या उंचीची विद्युत स्पंदनं मिळतात, त्यांचा आलेख काढायचा. थोरियम असलेला नमुना ठेवला की उजव्या टोकाला, २६१४.५ केईव्हीवर, एक ठसठशीत पीक (आलेखातला सुळका) उभं राहतं. ते थॅलियम-२०८ चं. आता आलेखावर डावीकडे सरकत ये. २१०३.५ वर एक पीक दिसेल, १५९२.५ वर आणखी एक. या ऊर्जेचा गॅमा थॅलियम-२०८ सोडत नाही. मग आले कुठून? वजाबाकी कर: २६१४.५ मधून एकदा ५११ आणि दोनदा ५११.

डिटेक्टरच्या आत त्या फोटॉनची जोडी झाली. १.०२२ एमईव्ही जोडी घडवण्यात गेले, उरलेले १.५९२ दोघांची गतिज ऊर्जा. ती जर्मेनियममध्ये मुरली. मग पॉझिट्रॉन थांबला, इलेक्ट्रॉनबरोबर नष्ट झाला आणि ५११ चे दोन फोटॉन सुटले. दोन्ही आतच अडकले तर पूर्ण २६१४.५ मोजले जातात. एक निसटला तर २१०३.५, दोन्ही निसटले तर १५९२.५. तू वहीत जी बेरीज केलीस तीच इथे उलटी होऊन आलेखावर छापलेली मिळते. नवशिक्या माणसाला हे पीक दाखवून 'हे कोणत्या समस्थानिकाचं?' असं विचारणं हा आमच्याकडचा जुना खोडसाळपणा आहे.

१५९२.५ च्या अगदी डाव्या अंगाला, १५८८ वर, ॲक्टिनियम-२२८ चं खरंखुरं पीक असतं. थोरियमच्या नमुन्यात दोन्ही शेजारी शेजारी. डिटेक्टरची तब्येत ठीक नसेल तर ती एकमेकांत मिसळतात, म्हणून मी सकाळी आधी तिथेच बघते. आणखी एक बारकावा. ५११ चं पीक आजूबाजूच्या पिकांपेक्षा जाड दिसतं. ज्या इलेक्ट्रॉनबरोबर पॉझिट्रॉन नष्ट होतो तो पदार्थात स्वस्थ नसतो, त्याच्या हालचालीमुळे एक फोटॉन ५११ पेक्षा किंचित वर जातो आणि दुसरा तितकाच खाली. २१०३.५ चं पीकही म्हणूनच जरा फुगलेलं. पण १५९२.५ चं सडपातळ, कारण तिथे दोन्ही फोटॉन बाहेर गेले, त्यांच्या वाटणीतली कमी-जास्त आपल्याकडे उरलीच नाही.

सिझियम-१३७ चा ६६२ केईव्हीचा स्रोत ठेवला तर असलं काही दिसत नाही, उघड आहे, १०२२ च्या खाली आहे. कोबाल्ट-६० चा १३३२ वर आहे, तरी त्याची ही पिकं शोधायला जाऊ नकोस. किमान ऊर्जा ओलांडली म्हणजे जोडी होऊ शकते. होतेच असं नाही. तिथे अजून कॉम्प्टन विकिरणाचंच (फोटॉन इलेक्ट्रॉनला आपटून थोडी ऊर्जा देतो आणि वळतो, त्याचंच) राज्य असतं.

आता 'किती जवळ'. आपटत नाही. अंतराचा अंदाज केंद्रकाने घेतलेल्या संवेगावरून येतो: एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले २π) भागिले संवेग. सोयीचा आकडा, एच-बार गुणिले सी, १९७.३ एमईव्ही-फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे १०^-१५ मीटर). तुझ्या गणितात १९७.३ ÷ ०.२१६ म्हणजे सुमारे ९१० फेम्टोमीटर. शिशाच्या केंद्रकाची त्रिज्या ७ फेम्टोमीटरच्या आसपास, म्हणजे घटना तिच्या शंभरपटीहून लांब घडू शकते, साधारण जिथे शिशाचे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन असतात तिथे. काम केंद्रकाच्या विद्युतक्षेत्राचं आहे, पृष्ठभागाचं नाही. म्हणूनच प्रोटॉनांची संख्या वाढली की शक्यता साधारण तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि शिशासारखे पदार्थ यात पुढे असतात. तुझ्या १०० एमईव्हीच्या फोटॉनला तर ०.००५२ च द्यायचे होते, तिथे अंतर ३८ पिकोमीटर येतं. एवढ्या लांबून केंद्रकाचा प्रभार आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे झाकला जातो, आणि हिशेबात ते झाकणंही धरावं लागतं.

एक गोष्ट गणितात खोटी आहे ती सांगून ठेवते: दोघांना सारखी गतिज ऊर्जा. प्रत्यक्षात वाटणी कशीही होते. पॉझिट्रॉनला सरासरी थोडं जास्त मिळतं, कारण केंद्रक त्याला ढकलतं आणि इलेक्ट्रॉनला ओढतं. फोटॉनची ऊर्जा काढायला बेरीजच लागते, म्हणून तुझ्या उत्तराला धक्का नाही. पण संवेगाची तूट वाटणीप्रमाणे बदलेल, हे ध्यानात ठेव.

झटपट

मान्य, 'नगण्य' लिहून मी मोकळा झालो होतो. तरी व्यावहारिक प्रश्न उरतोच. चार गुणांसाठी पोराने किती लिहायचं?

शिशाची वीट

ऊर्जेची बेरीज, १.२४ ने तरंगलांबी, आणि एक वाक्य: 'केंद्रक संवेग घेते, पण जड असल्यामुळे त्याची गतिज ऊर्जा ईव्हीच्या पातळीवर राहते, म्हणून ती धरलेली नाही.' तपासणाऱ्याला कळतं की पोराला कळलंय.

आणि अपूर्णांक, तुझ्यासाठी एक गणित. फ च्या समीकरणात केंद्रकाऐवजी एक साधा इलेक्ट्रॉन ठेव, म = इ. हेही खरोखर घडतं, फोटॉन अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या क्षेत्रात जोडी करतो आणि त्या बिचाऱ्यालाही उडवतो. ट्रिपलेट म्हणतात, कारण क्लाउड चेंबरमध्ये (कणांचा माग रेषेसारखा दाखवणाऱ्या उपकरणात) दोनाऐवजी तीन रेषा दिसतात. किमान ऊर्जा किती, तरंगलांबी किती, आणि तिघांचा वेग किती?

अपूर्णांक

म = इ ठेवलं की कंस २ होतो. फ = ४इ = २.०४४ एमईव्ही. तरंगलांबी १.२४ ÷ २.०४४ = ०.६०७ पिकोमीटर. म्हणजे इथे भाडं घराच्या किमतीइतकंच झालं!

वेग: एकूण ऊर्जा ४इ अधिक आधीच्या इलेक्ट्रॉनची इ, म्हणजे ५इ. तिघांत वाटली, प्रत्येकाला ५/३ इ. संवेग ४इ, प्रत्येकाला ४/३ इ. संवेग भागिले ऊर्जा म्हणजे वेग, तो आला ४/५. प्रकाशवेगाच्या ०.८ पट, बरोब्बर. गतिज ऊर्जा प्रत्येकी २/३ इ, म्हणजे ०.३४१ एमईव्ही, तिघांची मिळून १.०२२. ताळा जमला.

आणि ताई, ३, ४, ५: वस्तुमान, संवेग, ऊर्जा. हा तर काटकोन त्रिकोण आहे.

शिशाची वीट

आहेच. आता म च्या जागी प्रोटॉन ठेवून तोच त्रिकोण काढ. म्हणजे जोडीतल्या प्रत्येक कणाचा वेग किती राहतो ते कळेल. उत्तर प्रकाशवेगाच्या हजारात एकच्या आसपास यायला हवं.